सुरतेचे दादोबा मास्तर

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या मनात प्रथम उभी राहते ती शिवछत्रपतींची स्वारी. १६६४ आणि १६७० अशा दोन वेळा मराठ्यांची घोडी त्या श्रीमंत बंदरात शिरली, हे शाळकरी पोरही सांगते. त्यानंतर आठवते ती १९०७ सालची काँग्रेस, लोकमान्यांचे व्यासपीठावर जाणे, मंडपात उडालेला जोडा आणि जहाल-मवाळांची फूट. या दोन गाजलेल्या आठवणींच्या मध्ये एक तिसरा मराठी माणूस तापीकाठी काही वर्षे राहून गेला. तो लुटावयास गेला नव्हता आणि भांडावयासही गेला नव्हता. गुजराती मुलांना इंग्रजी शिकवावयास गेलेला तो एक सरकारी मास्तर होता. त्याचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

तर्खडकर हे नाव उच्चारताच वाचकांपैकी वडीलधाऱ्या मंडळींना आठवेल ती भाषांतर पाठमाला. मराठी वाक्य डावीकडे, इंग्रजी उजवीकडे, आणि चुकले की मास्तरांची छडी. कित्येक घरांत आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्यांनी इंग्रजीचा उंबरठा त्याच पाठमालेच्या आधारे ओलांडला. ती दादोबांची, असा समज सर्वत्र पसरलेला आहे. तो बरोबर नाही. ती पुढे द्वारकानाथ तर्खडकरांनी रचली. पण हा गैरसमज अगदीच निराधार आहे, असेही मला म्हणवत नाही. मराठी विद्यार्थ्याला दोन भाषा शेजारी ठेवून ताडून पाहण्याची शिस्त ज्या व्याकरणाने लावली, ते दादोबांचेच होते. पाठमाला ज्या जमिनीवर उभी राहिली ती त्यांनी नांगरली होती.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळ वसईजवळच्या तर्खड गावचे, जात वैश्य, घरात विठ्ठलभक्तीचे वातावरण. वडिलांचे नाव पांडुरंग, आईचे यशोदा. ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती पुढे एका ग्रंथाच्या मुखपृष्ठावर पुन्हा भेटणार आहेत. भावंडेही नामांकित निघाली. भास्कर पांडुरंगांनी १८४१ साली मुंबईच्या इंग्रजी पत्रातून कंपनी सरकारच्या लुटीवर अशी पत्रे लिहिली की, आजही वाचताना नवल वाटते. डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक. त्यांची कन्या अन्नपूर्णा हिने १८७८ मध्ये विलायतेस निघालेल्या तरुण रवींद्रनाथ ठाकुरांना इंग्रजी रीतीभाती शिकविल्या. भाषा शिकविणे हा या घराण्याचा जणू वारसाच होता.

दादोबा शिकले ते नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत. बाळशास्त्री जांभेकर हे त्यांच्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठे. त्या काळच्या मुंबईत विद्येचा व्यवहार म्हणजे बहुतांशी भाषांतराचा व्यवहार होता. कॅप्टन जार्व्हिसच्या देखरेखीखाली शास्त्रीमंडळी इंग्रजी गणित, भूगोल, नीतिकथा मराठीत आणीत. भडोचचे रणछोडदास गिरधरभाई तेच काम गुजरातीत करीत. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. शब्दांची पेठ अशी मांडली गेली. परंतु शब्द कोणत्या नियमाने जोडावे, हे मराठी मुलाला मराठीतून सांगणारे छापील पुस्तक हाती नव्हते. कॅरेने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले खरे, पण ते साहेबांनी मराठी शिकावे म्हणून, इंग्रजीत.

ही उणीव दादोबांनी भरून काढली तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. १८३६ साली त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण गणपत कृष्णाजींच्या शिळाछापखान्यातून प्रसिद्ध झाले. लिंडली मरे या गृहस्थाचे इंग्रजी व्याकरण तेव्हा शाळाशाळांतून चाले. दादोबांनी त्याचा साचा घेतला, पण मरेचे भाषांतर मात्र केले नाही. मराठीत जे आहे ते संस्कृताच्या अगर इंग्रजीच्या साच्यात कोठवर बसते आणि कोठे बसत नाही, हे त्यांना एकेका शब्दाशी झगडून ठरवावे लागले. शब्दांच्या आठ जाती इंग्रजीकडून आल्या, त्यांना नावे मिळाली संस्कृत धातूंतून. शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी हे शब्द आज आपण इतक्या सहजतेने घोकतो की, ते कोणी तरी विचार करून रूढ केलेले शब्द आहेत, हे विसरूनच जातो. पुढे लोकांनी दादोबांना मराठीचे पाणिनी म्हटले. उपमा मोठी आहे आणि मला ती थोडी गैरलागूही वाटते. पाणिनीपुढे एकच भाषा होती. दादोबा सदैव दोन भाषांच्या मध्ये उभे होते.

मध्यंतरी मालव्यातील जावरा संस्थानच्या अल्पवयीन नबाबाला शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. संस्थानी दरबारात मास्तराची अवस्था काय असते, हे आपल्यासारख्या संस्थानी गावातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. तेथून मुंबई, आणि मुंबईहून सुरत.

दादोबा गेले तेव्हाची सुरत खंगलेली होती. एकेकाळी मक्केला जाणारी गलबते जिथून सुटत, त्या बंदराचा व्यापार मुंबईने ओढून नेला होता. त्यात १८३७ च्या एप्रिलमध्ये आग लागली आणि नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. त्याच वर्षी तापीला पूर आला. अशा शहरात १८४२ साली सरकारी इंग्रजी शाळा निघाली. नागर, वाणी, पारशी अशा नाना घरांतील मुलांना आता व्यापारापेक्षा इंग्रजी सहीशिक्क्याच्या नोकरीचा भरवसा वाटू लागला होता.

या शाळेतील परिस्थिती मोठी मौजेची होती. मुलांची मातृभाषा गुजराती, मास्तरांची मराठी, आणि शिकावयाची भाषा दोघांनाही परकी. असा एखादा तास कल्पून पाहावा. फळ्यावर इंग्रजी वाक्य आहे: त्याने आंबा खाल्ला, एवढ्याच अर्थाचे. इंग्रजीत क्रियापद कोणाचीच पर्वा करीत नाही. खाणारा पुरुष असो वा स्त्री, खाल्लेला आंबा असो वा चिंच, रूप तेच. मराठीत मात्र कर्ता बाजूला राहतो आणि क्रियापद आंब्याच्या मागे जाते. सुरतेचा मुलगा म्हणेल, तेणे केरी खाधी. येथेही क्रियापद कर्माच्याच मागे आहे. फरक इतकाच की मराठी आंबा पुल्लिंगी आणि गुजराती केरी स्त्रीलिंगी. म्हणजे घाट एक, लिंग निराळे. ज्याने सहा वर्षांपूर्वी कर्तरी आणि कर्मणि प्रयोगांचा गुंता स्वतः सोडविला होता, त्या मास्तराला गुजराती मुलाची चूक कोठे होणार हे आधीच ठाऊक असणार.

तसेच इंग्रजीतील एका आम्हीचे. समोरचा माणूस आपल्यात धरला आहे की वगळला आहे, हे इंग्रजी सांगत नाही. मराठी सांगते, आम्ही आणि आपण. गुजरातीही सांगते, अमे आणि आपणे. भाषांतर करणाऱ्या मुलाला येथे थांबून विचार करावा लागतो की बोलणारा कोणास आपल्या पंक्तीला घेतो आहे. किंवा माझ्याजवळ असणे. इंग्रजीत त्यासाठी खास क्रियापद आहे. आपल्याकडे वस्तू माणसाजवळ नुसती असते, गुजरातीतही तसेच. नात्यातल्या भाषांचा हा फायदा. पण नातेवाईकच कधी कधी दगा देतात. मराठीत नवरा म्हणजे पती; गुजरातीत नवरो म्हणजे रिकामटेकडा. (काही भगिनी म्हणतील की यात भाषांतराची अडचण अशी काही नाही!)

सांगावयाचे ते एवढेच की, भाषांतर शिकविणे म्हणजे कोशातून शब्द काढून देणे नव्हे, ही जाण सुरतेच्या त्या शाळेत होती. तेथील इंग्रज शिक्षक हेन्री ग्रीन यांनी पुढे इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांना शोभणारे गुजराती वाक्प्रचार यांचा संग्रहच प्रसिद्ध केला. शब्दास शब्द नव्हे, तर बोलण्यास बोलणे, असा त्याचा रोख होता. सुरतेच्या त्याच विद्यावातावरणात वाढलेल्या नंदशंकर तुळजाशंकर मेहतांनी १८६६ मध्ये करण घेलो ही गुजरातीतील पहिली कादंबरी लिहिली, आणि डॉक्टर भांडारकरांचे संस्कृत शिकण्याचे पुस्तकही गुजरातीत आणले. तापीकाठच्या शिक्षणाने मराठी-गुजराती देवघेवीचा एक घाट बांधला तो असा.

परंतु शाळेच्या वेळेनंतर दादोबा जे करीत होते ते अधिक धाडसाचे होते. १८४३ साली त्यांनी धर्मविवेचन या नावाचे एक टिपण मराठीत लिहून काढले. ईश्वर एक आहे. खरा धर्म म्हणजे प्रीती आणि नीती. मनुष्यजात ही एकच जात आहे. प्रत्येकास विचाराचे स्वातंत्र्य असावे. रोजचे वागणे विवेकाला धरून असावे. ज्ञान सर्वांना मिळावे. अशा आशयाची सात कलमे त्यात होती. आज ही वाक्ये कोणत्याही व्याख्यानात खपून जातील. त्या वेळी एखाद्याने ती मोठ्याने म्हटली तर त्याच्या घरचे पाणी बंद झाले असते.

सुरतेत त्यांना जोडीदार मिळाले. त्यांत पहिले दुर्गाराम मंछाराम मेहताजी. हे दादोबांहून पाच वर्षांनी वडील, नागर ब्राह्मण, मुंबईत शिक्षकाचे शिक्षण घेऊन १८२६ पासून सुरतेत गुजराती शाळा चालवीत होते. कवी नर्मद बालपणी त्यांच्याच हाताखाली शिकला. शिळाछापखाना सुरतेत आणणाऱ्यांपैकीही ते एक. मग दलपतराम, दिनमणिशंकर, दामोदरदास. पाचांचीही नावे द अक्षराने सुरू होतात म्हणून लोकांनी त्यांना पाच दद्दे ठरविले. चेष्टा असेल, पण चेष्टेने का होईना, नाव पडले म्हणजे माणसे डोळ्यांत भरली होती.

२२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्म सभा स्थापन केली. पश्चिम हिंदुस्थानातील सुधारणेच्या सभांमध्ये ही अगदी आरंभीची. दादोबांच्या मराठी टिपणातील विचार आता गुजराती बोलीत सुरतेच्या लोकांपुढे येऊ लागले. येथे मला त्या मास्तराचा खरा पेच दिसतो. वर्गात भाषांतर चुकले तर तांबडी शाई लावून भागते. पण मनुष्यजात एक आहे, हे वाक्य तुम्ही नागरांच्या गावात उच्चारता तेव्हा त्याचे भाषांतर जेवणाच्या पानात, लग्नाच्या मांडवात, विधवेच्या केशवपनात करून दाखवावे लागते. सभेने भूतपिशाच्च उतरविणाऱ्या मांत्रिकांना जाहीर आव्हान दिले की, मंत्राचा प्रभाव समक्ष सिद्ध करून दाखवा. गावात खळबळ उडाली, वादविवाद झडले. मंत्रतंत्राविरुद्ध बोलणे त्या मानाने सोपे होते; जातीचा प्रश्न येई तेव्हा पावले जड होत. खुद्द दुर्गारामांची कथा पाहावी. पत्नी वारल्यावर पुनर्विवाह करीन तर विधवेशीच, असे ते म्हणत. पुढे त्यांनी लग्न केले ते जातीतील कुमारिकेशी. त्यांना भेकड म्हणणे आज सोपे आहे. एकट्या माणसाच्या अंगावर सारी जात चालून येते तेव्हा काय होते, हे ज्याने भोगले नाही त्याने जपून बोलावे.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर सुरतेत मिठावरून दंगा झाला. मिठावरील कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला होता. लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. चार आण्यांसाठी सारे शहर एक झाले. माणसामाणसांतील भेदासाठी पाच दद्दे आणि त्यांच्याभोवतीची थोडकी मंडळी. हा हिशेब दादोबांच्या मनात आला असेल की नाही कोण जाणे, माझ्या मात्र येतो.

१८४६ च्या मे महिन्यात बाळशास्त्री जांभेकर अकाली वारले. त्यांच्याकडे मुंबईतील नॉर्मल क्लास, म्हणजे शिक्षक तयार करण्याचा वर्ग, होता. तो दादोबांकडे आला आणि त्यांची सुरत सुटली. सुरतेची सभा त्यांच्यामागे ढिली होत गेली. १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटास गेले तेव्हा ती संपलीच. तिची हकीकत आपल्याला कळते ती मुख्यत्वे सुरतेच्याच महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली लिहिलेल्या दुर्गारामचरित्रामुळे. मराठी माणसाच्या आयुष्यातील हा अध्याय असा गुजरातीत जपला गेला.

मुंबईत दादोबांच्या कामाला बहर आला. मुलांना शिकविणाऱ्यांना शिकविणे हे आता त्यांचे काम, आणि पुढे मराठी शाळांची देखरेखही. याच सुमारास शिक्षणमंडळीत वाद माजला होता की उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून. एका बाजूस मंडळीचे अध्यक्ष अर्स्किन पेरी, दुसऱ्या बाजूस जार्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट. पेरीसाहेबांची सरशी झाली हे आपण जाणतोच. पण ज्यांच्या हातून रोज मराठी शिक्षक तयार होत होते, त्यांचा पक्ष त्यांच्या कामातच दिसतो. १८४८ मध्ये उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा निघाली तिचे अध्यक्षपद दादोबांनी घेतले. तरुणांनी नवे ज्ञान मराठीतून मांडावे, निबंध वाचावे, हा तिचा उद्देश. १८५० साली व्याकरणाची दुसरी आवृत्ती निघाली, तीत पहिलीची बरीच डागडुजी होती.

१८४९ च्या सुमारास परमहंस सभा स्थापन झाली, आणि येथे सुरतेचा धडा उलटा गिरविला गेला. सुरतेत सभा उघड होती, आचार बेताचा. मुंबईत आचार कडक, पण सभा गुप्त. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, असा दंडक. मात्र हे सारे दाराआड. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर, विचारांचे गुरू दादोबा. पुणे, नगर येथपर्यंत शाखा पोचल्या. १८६० साली सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली आणि एवढ्यावर सभा कोसळली. यादीत नाव आहे, हे उघड होण्याच्या भीतीनेच माणसे पांगली. दादोबांचे धर्मविवेचनही छापून बाहेर आले ते १८६८ मध्ये, लिहिल्यावर पंचवीस वर्षांनी. व्याकरण विशीत छापणारा माणूस स्वतःच्या श्रद्धेचे पुस्तक पाव शतक पेटीत ठेवतो. याबद्दल त्यांच्यावर टीका झालेली आहे आणि ती सर्वस्वी अन्यायाची आहे, असे मी म्हणणार नाही. दाराआड जळून गेलेल्या त्या सभेच्या राखेतूनच १८६७ मध्ये आत्माराम पांडुरंगांचा प्रार्थना समाज उभा राहिला, हेही त्यासोबत सांगितले पाहिजे. त्याची दारे उघडी होती.

मधली काही वर्षे दादोबा अहमदनगरकडे डेप्युटी कलेक्टर होते. सत्तावनच्या धामधुमीत तिकडच्या भिल्लांच्या उठावाचा बंदोबस्त केल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादुर केले. मनुष्यजात एक मानणाऱ्या माणसाच्या चरित्रातील हे पान मला रुचत नाही. पण ते आहे, आणि चरित्रकाराने ते फाडू नये.

सेवानिवृत्त झाल्यावर ते पुन्हा आपल्या मूळ धंद्याकडे वळले. १८६५ साली त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर गद्य टीका प्रसिद्ध केली आणि तिला नाव दिले यशोदा-पांडुरंगी, म्हणजे आईबापांची दोन नावे. केकावलीची घट्ट, समासांनी भरलेली आर्जवे साध्या मराठीत उलगडून दाखविणे, हेही भाषांतरच. फक्त दोन्ही तीरांवर भाषा एकच. आजचा विद्यार्थी इंग्रजीतून मराठीत आणावयास शिकतो, पण जुन्या मराठीतून नव्या मराठीत आणावयास कोणी शिकवीत नाही, ही तक्रार जाता जाता नोंदवून ठेवतो. त्याच दशकात मुंबई विद्यापीठाने आपल्या वरच्या परीक्षांतून मराठीला बाहेर काढले. ज्या विद्यार्थ्यासाठी दादोबा मोरोपंत सोपा करीत होते, त्याला तो वाचण्याचे परीक्षेच्या दृष्टीने कारणच उरले नाही. न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत मराठीला परत आत आणण्यासाठी झटावे लागले.

उतारवयात दादोबा स्वीडनबोर्ग या स्वीडनच्या तत्त्वज्ञाच्या ग्रंथांत रमले, आणि त्यांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले चिंतन १८७८ मध्ये लंडनला छापले गेले. १८८० मध्ये पारमहंसिक ब्राह्मधर्म निघाला. त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र मात्र हस्तलिखितातच राहिले, अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ साली प्रकाशात आणले आणि त्यामुळे त्या पहिल्या पिढीतील शाळा, शास्त्री आणि साहेब यांचे चित्र आपल्या हाती आले. त्या आत्मकथनाचा धागा अठराशे शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपासच तुटतो, सुरत सुटली त्याच सुमारास.

व्याकरणाचा पिच्छा मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. १८३६ मध्ये जे लिहिले त्यात राहून गेलेले, चुकलेले, नव्याने सुचलेले असे सारे ते टिपत होते आणि १८८१ साली त्यांनी आपल्या व्याकरणाची पूरणिका छापली. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.